ओळखीचं शहर, दुसरी फेरी: संग्रहालयं पायी कशी पाहावीत

पहिल्यांदा एखाद्या शहरात जातो तेव्हा आपण ते उरकतो. यादी असते, वेळ कमी असतो, आणि परत आल्यावर 'ते नाही बघितलंत?' असं कुणी विचारेल ही धास्ती असते. दुसऱ्या फेरीला ती धास्ती संपलेली असते. पण एक नवीच गोची होते. ओळखीच्या शहरात माणूस नकाशा उघडत नाही, वेळा तपासत नाही, 'मला सगळं माहीत आहे' या भरवशावर निघतो. मी एकदा अशीच निघाले होते. तासभर चालत, जुन्या खुणा ओळखत, स्वतःवर खूश होत संग्रहालयापाशी पोचले, तर फाटकाला कुलूप. साप्ताहिक सुट्टी. ती सुट्टी माझ्या पहिल्या फेरीतही त्याच वारी होती, फक्त तेव्हा मी तपासून गेले होते.

पुढे जे लिहिते आहे ते अशा दोन-चार फजित्यांतून जमलेलं आहे. शहर कुठलंही असो, रीत साधारण हीच.

घरातूनच: आठवणीतला नकाशा

फोन बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. त्या शहराचा नकाशा आठवेल तसा काढा: स्टेशन, नदी किंवा मुख्य रस्ता, मुक्काम कुठे होता, कुठली संग्रहालयं पाहिली. रेषा वाकड्या आल्या तरी चालेल. मग प्रत्येक संग्रहालयापुढे तिथली कोणती वस्तू आठवते ते लिहा. दिवसभर पाहिलेल्यांतल्या पाच-सहाच आठवतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका. जी आठवते तिच्याबद्दल थोडं जास्त लिहा: केवढी होती, कुठल्या मजल्यावर होती, शेजारी काय होतं.

याचा उपयोग असा की आठवण आकाराच्या बाबतीत हमखास फसवते. मोनालिसाचं चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधलं रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' जवळपास पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. पण फोटोत, पोस्टकार्डावर, फोनच्या पडद्यावर दोन्ही तळहाताएवढीच दिसतात, आणि काही वर्षांनी डोक्यातही तळहाताएवढीच उरतात. तुम्ही लिहिलेला अंदाज आणि समोरची खरी वस्तू यांतली तफावत पाहणं हा या फेरीतला पहिला आनंद.

आता खरा नकाशा त्या कागदाशेजारी ठेवा. तुमच्या नकाशात जिथे कोरा भाग आहे, तिथे तुम्ही बहुधा गाडीतून किंवा भुयारी रेल्वेतून गेला होतात. दोन ठिकाणं लक्षात राहतात आणि मधलं शहर डोक्यात नसतंच. पायी जायचं ते या कोऱ्या भागासाठी.

शेवटी यादीतून प्रत्येक संग्रहालयासाठी एकच वस्तू निवडा. तिला मी 'जुनी ओळख' म्हणते. ती प्रसिद्ध असायला हवी असं नाही. एखादा दिवा, नाणं, कुठल्याशा मूर्तीचा तुटका हात, काहीही चालेल. पुढचं सगळं नियोजन तिच्याभोवती करायचं आहे.

मधल्या काळात काय बदललं

संग्रहालयं जागच्या जागी असतात हा आपला समज. प्रत्यक्षात ती सारखी हलत असतात. बर्लिनचं पेर्गामोन म्युझियम ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद झालं आणि ते टप्प्याटप्प्यानेच उघडणार आहे. 'पुढच्या वेळी निवांत बघू' म्हणून परतलेल्या माणसाला तिथे कुंपण दिसेल. ते नदीतल्या ज्या 'संग्रहालय बेटा'वर आहे, त्याच बेटावरचं नोयेस म्युझियम दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालं होतं. १९३९ साली बंद झालेली ती इमारत पुन्हा उघडली २००९ साली. म्हणजे २००५ मध्ये बर्लिन 'संपूर्ण' पाहून आलेल्या माणसाचंही ते राहिलेलंच आहे. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयाचा वरचा मजला २०२५ पर्यंत लोकांना कधीच खुला नव्हता. राइक्स म्युझियम दहा वर्षांच्या कामानंतर २०१३ साली उघडलं, तेव्हा सगळ्या संग्रहाची मांडणी नव्याने केलेली होती. जुन्या जागी परतलं ते फक्त 'नाइट वॉच'.

वस्तू घरंही बदलतात. पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र १९८१ मध्ये स्पेनला आलं तेव्हा ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाच्या एका जोडइमारतीत होतं. १९९२ पासून ते तिथल्याच रेइना सोफिया संग्रहालयात आहे. दोन्हींत पायी फार अंतर नाही, पण चुकीच्या दारात रांग लावली तर सकाळ गेली.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चार गोष्टी पाहा. पहिली, साप्ताहिक सुट्टी. यात काही एकच नियम नाही: दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी, हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी. दुसरी, शेवटच्या प्रवेशाची वेळ. ती बंद होण्याच्या वेळेच्या अर्धा-एक तास आधी असते, आणि रखवालदार दालनं रिकामी करायला बंद होण्याच्या थोडं आधीपासूनच लागतात. तिसरी, कुठली दालनं तात्पुरती बंद आहेत. आणि चौथी, जी कुणीच बघत नाही: तुमची जुनी ओळख सध्या मांडलेली आहे का.

ही चौथी बाब कापड आणि कागदाच्या बाबतीत फार महत्त्वाची. प्रकाशाने रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून लघुचित्रं, जलरंग, हस्तलिखितं, वस्त्रं साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) एवढ्या मंद उजेडात ठेवतात. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. एवढं करूनही कापड-कागदाच्या वस्तू काही महिन्यांनी अंधाऱ्या कोठारात विश्रांतीला जातात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. तुमची आवडती लघुचित्रं मागच्या वेळी होती म्हणजे या वेळीही असतील असं नाही. बऱ्याच मोठ्या संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचीत वस्तू कुठल्या दालनात आहे, की मांडलेलीच नाही, हे लिहिलेलं असतं. नसेल तर एक ईमेल टाका. उत्तर येतं, निदान मला तरी बहुतेक वेळा आलं आहे.

साखळी जुळवणं

माझा नियम सोपा आहे: दिवसाला दोन संग्रहालयं, एक मोठं आणि एक छोटं, आणि दोन्हींच्या मध्ये किमान वीस मिनिटांची चाल.

काही शहरांत संग्रहालयं एकमेकांना खेटून उभी असतात. बर्लिनच्या बेटावर १८३० ते १९३० या शंभर वर्षांत पाच उभी राहिली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या नफ्यातून जमीन घेतली गेली आणि तिथे आज तीन प्रचंड संग्रहालयं शेजारी-शेजारी आहेत. अशा ठिकाणी मोह होतो: शेजारीच तर आहे, डोकावून येऊ. डोकावू नका. एका दारातून बाहेर पडून लगेच दुसऱ्यात शिरलं की डोकं रिकामं व्हायला सवडच मिळत नाही. संध्याकाळी कुठली मूर्ती कुठे पाहिली याची खिचडी होते.

मोठं आणि छोटं कसं जोडावं याचा लंडनचाच एक नमुना देते. ब्रिटिश म्युझियममध्ये ८० लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या त्यांच्या सुमारे एक टक्का. ते पाहून बाहेर पडलं की माणूस गरगरलेला असतो. तिथून साधारण किलोमीटरभर चालत गेलं की एका चौकोनी बागेच्या उत्तर बाजूला सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आहे. त्याने १८३३ साली संसदेत कायदा करून घेतला की आपल्यामागे घर आहे तसं ठेवावं. १८३७ मध्ये तो गेला आणि घर तसंच राहिलं. खोल्या अरुंद, भिंती वस्तूंनी खच्चून भरलेल्या, आणि एका खोलीत चित्रांच्या भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात, आत आणखी चित्रं. तिथे सगळं हातभर अंतरावर. भव्यतेचा शीण घरगुती पसाऱ्याने उतरतो. अंगात ताकद उरलीच तर त्याच बागेच्या दक्षिण बाजूला शरीरशास्त्राचं हंटेरियन म्युझियम आहे. तेही काही वर्षं बंद राहून २०२३ मध्ये उघडलं.

सकाळी मोठं, दुपारनंतर छोटं. सकाळी पाय ताजे आणि गर्दी कमी. उलट क्रम फक्त छोट्याच्या वेळा अडचणीच्या असतील तरच.

जोडी जुळवताना एक जागा शहराच्या स्वतःच्या संग्रहालयाला द्या. पहिल्या फेरीत लोक जगप्रसिद्ध वस्तूंच्या मागे जातात आणि ज्या शहरात उभे आहेत त्याचाच इतिहास सांगणारी इमारत वगळतात. मीही वगळली होती. पॅरिसचं कार्नाव्हाले हे असं शहराचं संग्रहालय. तिथे एका दालनात जुन्या दुकानांच्या पाट्या टांगल्या आहेत, लोखंडी, लाकडी, धंद्याचं चिन्ह कोरलेल्या. ते दालन पाहून बाहेरच्या गल्लीत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते आणि दर दुकानावर काय टांगलंय ते डोळे शोधायला लागतात. ओळखीच्या शहराला नव्याने पाहण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

चालण्याचा हिशेब करताना फोन सांगतो ती वेळ धरू नका. मोकळ्या रस्त्यावर माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, पण सिग्नल, वळणं आणि 'अरे, हे इथे होतं?' असं थबकणं धरलं की तीनच. दीड किलोमीटरला अर्धा तास धरा. तिकिटावर ठरावीक वेळ असेल तर त्याच्या अलीकडे आणखी अर्धा तास मोकळा सोडा, नाहीतर जी चाल हौसेची व्हायची ती धावपळ होते. चढाचे रस्ते सकाळी, सावलीचे दुपारी. आणि गेलेल्या रस्त्याने परत येऊ नका.

सोबत काय घ्यावं

थोडंच. वापरून मऊ झालेले बूट. नवे बूट घालून संग्रहालयाला जाणं हा आत्मघात आहे. छोटी पिशवी, कारण मोठी पाठपिशवी आणि लांब छत्री सामानघरात ठेवायला लावतात आणि परत घेताना पुन्हा रांग. पेन्सिल, कारण काही दालनांत शाईचं पेन चालत नाही. एक पातळ स्वेटर, आत गारठा असतो. पाण्याची बाटली बाहेरच्या चालीसाठी. आणि मागच्या फेरीतले फोटो फोनमध्ये शोधून एका जागी ठेवलेले. ते पुढे लागणार आहेत.

आत गेल्यावर

माणूस दालनात शिरला की बहुधा उजवीकडे वळतो. १९३० च्या दशकात आर्थर मेल्टन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या संग्रहालयांत पाहणी करून हे नोंदवलं होतं. तेव्हा दालन गजबजलेलं असेल तर डावीकडून सुरुवात करून पाहा.

पण त्याआधी, दारातून थेट जुन्या ओळखीकडे जा. मधली दालनं ओलांडताना डावी-उजवीकडे पाहायचा मोह होईल, पाहू नका. तिकडे पोचून दहा मिनिटं थांबा. घड्याळ लावून थांबा म्हटलं तरी चालेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोक एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबल्याचं दिसलं होतं. आणि निम्मे तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. दहा मिनिटं म्हणजे त्या मानाने मुक्कामच.

पहिल्या दोन मिनिटांत 'हो, तेच आहे' एवढंच होतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो, आणि इथेच बरेच जण सुटतात. तो टाळला की डोळा फिरायला लागतो: कडेला दुरुस्तीची रेघ आहे, मागच्या बाजूला काही कोरलंय, एका पायाचा रंग वेगळा आहे. मी या वेळात वेडंवाकडं रेखाटन करते. चित्र येत नाही, पण बोटं किती आहेत हे मोजल्याशिवाय हात काढता येत नाही, आणि मोजण्यासाठी बघावं लागतं.

मग मागचा फोटो काढून समोर धरा. जागा बदललीय का? शेजारी कोण आलंय? सगळ्यात मौजेची गोष्ट म्हणजे पाटी. पाट्या बदलतात, आणि त्या का बदलल्या हे फार बोलकं असतं. पश्चिम आफ्रिकेतल्या, आजच्या नायजेरियात येणाऱ्या जुन्या बेनिन राज्यातून ब्रिटिश फौजेने १८९७ साली लुटून नेलेली पितळी शिल्पं युरोपभरच्या संग्रहालयांत पांगली. त्यांच्या पाट्यांवर पूर्वी कारागिरीचं कौतुक असे आणि लुटीबद्दल फारसं काही नसे. २०२२ मध्ये जर्मनीने अशा शिल्पांची मालकी नायजेरियाला देऊन काही परतही पाठवली. इतर अनेक ठिकाणी ती अजून आहेत, पण वस्तू कुठून आणि कशी आली ते आता पाट्यांवर जास्त उघडपणे लिहिलेलं दिसतं. जुन्या पाटीचा फोटो तुमच्याकडे असेल तर तुमच्या हातात एक छोटा पुरावाच आहे.

पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात एक क्रमांक असतो. अनेक संग्रहालयांत त्याचा पहिला भाग म्हणजे वस्तू संग्रहात दाखल झाली ते साल. त्याच्याजवळ 'भेट', 'खरेदी', 'मृत्युपत्राने' किंवा 'उत्खनन' असा शब्द शोधा. वस्तू दोन हजार वर्षांपूर्वीची आणि क्रमांक शंभर वर्षांपूर्वीचा, म्हणजे तिच्या दोन गोष्टी आहेत. पहिल्या फेरीत आपण पहिलीच वाचलेली असते.

वस्तू जागेवर नसेल तर तिथे कार्ड असतं: उसनी दिली आहे, दुरुस्तीला आहे. रिकामी जागाही पाहण्यासारखी असते. १९११ मध्ये मोनालिसा चोरीला गेली तेव्हा नुसती मोकळी भिंत पाहायला लूव्रमध्ये गर्दी झाली होती. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात १८ मार्च १९९० रोजी १३ वस्तू चोरल्या गेल्या. मांडणी बदलायची नाही ही संस्थापिकेच्या मृत्युपत्रातली अट, म्हणून चित्रांच्या रिकाम्या चौकटी आजही भिंतीवर आहेत.

जुनी ओळख झाली की मग मोकळे फिरा. तीन दालनं. जास्तीत जास्त चार. पूर्वी न पाहिलेली निवडा, शक्यतो ज्या विषयात आपल्याला रस नाही असं समजत होतो त्यातलं एक. माझं नाण्यांचं वेड अशाच एका कंटाळवाण्या वाटलेल्या दालनातून सुरू झालं.

पायांचे तुकडे पडण्याआधी

संग्रहालयातला थकवा हा वेगळाच असतो आणि तो तुमचा दोष नाही. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली यावर लेख लिहिला. एका माणसाला वेगवेगळ्या कपाटांतल्या वस्तू बघायला सांगून त्याचे फोटो काढले: वाकलेला, गुडघ्यावर आलेला, मान ताणलेला. मांडणीच माणसाला कसरत करायला लावते असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात भर म्हणजे रेंगाळणं. नीट चाललं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. उभं राहिलं, दोन पावलं सरकलं, पुन्हा उभं राहिलं की ते काम होत नाही आणि पाय जड होतात. म्हणून तीन तास डोंगर चढलेला माणूस हसत येतो आणि दोन तास संग्रहालय पाहिलेला बाक शोधतो.

उपाय: दर चाळीस मिनिटांनी बसा, थकण्याआधी. उभे असताना टाचा वर-खाली करत राहा, कुणी बघत नाही. आणि दोन तास झाले की निघा, काहीही राहिलेलं असो. पाट्या वाचायच्या सोडून आपण पाट्या टाकायला लागलो आहोत हे कळलं की त्याच क्षणी बाहेरचा रस्ता धरावा.

मधली चाल

बाहेर आल्यावर पहिली पाच मिनिटं फोन काढू नका, दिशा ठाऊक असेल तर. डोळे अजून संग्रहालयाच्या सवयीत असतात आणि ती सवय रस्त्यावर वापरता येते. भिंतींचा दगड बघा. आत पाहिलेल्या मूर्तींसारखाच असतो कधीकधी. आत एखाद्या देणगीदाराचं नाव वाचलं असेल तर तेच रस्त्याच्या किंवा चौकाच्या पाटीवर सापडतं का पाहा. पाडलेल्या वेशीचा तुकडा आत असेल तर ती वेस जिथे होती तिथे आता काय आहे, ते बघायला वाट थोडी वाकडी करा. पहिल्या फेरीत हे जमत नाही, कारण तेव्हा रस्ता चुकण्याची भीती असते. आता नसते.

आणि चुकलातच तर बरंच. तुमच्या कागदावरच्या कोऱ्या भागात शिरायचा तोच मार्ग आहे.

संध्याकाळी दहा मिनिटं

मुक्कामी परतल्यावर तोच कागद काढा. आज ज्या रस्त्यांनी गेलात ते वेगळ्या रंगाने ओढा. जुन्या ओळखीपुढे तुमचा जुना अंदाज होता, त्याखाली खरं काय होतं ते लिहा. आज नव्याने काय आवडलं, त्यातली एकच वस्तू लिहून तिचा क्रमांक आणि दालन टिपून ठेवा.

शेवटच्या दिवशी निघण्याआधी तासभर मोकळा ठेवता आला तर त्या सगळ्यांतल्या एका संग्रहालयात पुन्हा जा. तिकीट दोन दिवस चालत असेल किंवा प्रवेश मोफत असेल तर उत्तमच. सामान सामानघरात ठेवा, एकाच दालनात जा, एकाच वस्तूसमोर बसा. कागद सोबत असू द्या, आणि त्यावरचा जो भाग अजून कोरा आहे त्याच्यावर पेन्सिलीने एक गोल करून तो घडी घालून पिशवीत ठेवा.